अंडाशयाचा कॅन्सर : पोट स्वच्छ, फक्त लिम्फ नोड पॉझिटिव्ह, तरी स्टेज ३ कशी?

मीनल_र

आईचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा) रिपोर्ट आला आहे आणि त्यातली शेवटची ओळ घरात कुणालाच पचलेली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

रिपोर्ट थोडक्यात असा : उजव्या अंडाशयात हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा (अंडाशयाच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार). अंडाशयाचं आवरण शाबूत. डावं अंडाशय, गर्भाशय, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि पोटाच्या अस्तराचे तपासलेले सगळे तुकडे निगेटिव्ह. पोट धुऊन घेतलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत. ओटीपोटातले नोड निगेटिव्ह. महाधमनीजवळचे १४ नोड काढले, त्यांपैकी २ पॉझिटिव्ह, मोठ्यातली गाठ १२ मिमी. आणि खाली : फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना, स्टेज ठरवण्याची पद्धत तिची) स्टेज ३ए१, दुसरा उपगट.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन म्हणाल्या होत्या की पोट स्वच्छ दिसतंय, एकाच बाजूला आहे. आम्ही सगळे स्टेज १ धरून बसलो होतो. भाऊ म्हणतो, खालचे नोड निगेटिव्ह आणि वरचे पॉझिटिव्ह, म्हणजे रोगाने मधले टप्पे ओलांडलेत, म्हणजे तो आता कुठेही असू शकतो. आई विचारते, "तिसरी म्हणजे शेवटून दुसरी ना गं?" तिला काय उत्तर द्यावं ते मला कळत नाही.

लवकरच केमोच्या डॉक्टरांची भेट आहे. तिथे जाण्याआधी हे नीट समजून घ्यायचं आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

निशिगंध

मीनल, मी कॅन्सर सर्जन आहे, काम मुख्यतः स्त्रियांच्या कॅन्सरचं. आईचे उपचार तिची टीमच ठरवेल, ते मी इथे बसून करणार नाही. पण रिपोर्ट काय सांगतो ते उलगडून सांगते.

आधी तुमच्या भावाची शंका, कारण ती मनात राहिली तर पुढचं काही ऐकू येणार नाही. गर्भात अंडाशयं ओटीपोटात तयारच होत नाहीत. ती वर, किडन्यांच्या जवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या सोबत घेऊन येतात. लसिका म्हणजे अवयवांतून निचरून येणारा द्रव, आणि लिम्फ नोड म्हणजे तिच्या वाटेवरच्या गाळणीसारख्या छोट्या गाठी. त्यामुळे अंडाशय राहायला खाली आलं तरी त्याचं माहेर वरच राहतं. उजव्या अंडाशयाची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते, डाव्याची डाव्या किडनीच्या शिरेला. लसिकाही त्याच वाटेने चढून महाधमनीच्या आजूबाजूच्या नोडमध्ये पोचते, पार किडनीच्या शिरांच्या उंचीपर्यंत. दुसरी वाट गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यातून ओटीपोटाच्या कडेच्या नोडकडे जाते. तिसरी, फार कमी वेळा वापरली जाणारी, जांघेकडे.

म्हणजे खालचे नोड आधी आणि वरचे नंतर असा क्रम या अवयवाला नाहीच. महाधमनीजवळचे नोड हा अंडाशयाच्या लसिकेचा पहिल्याच मुक्कामांपैकी एक आहे. खालचे कोरे आणि वरचे पॉझिटिव्ह हे आम्ही नेहमी पाहतो. त्यावरून रोग सगळीकडे गेला असा अर्थ काढायचं काहीच कारण नाही.

आता स्टेज. स्टेज १ म्हणजे रोग अंडाशयात किंवा बीजवाहिनीत. २ म्हणजे ओटीपोटातल्या बाकीच्या भागांवर. ३ म्हणजे ओटीपोटाच्या वर पोटाच्या अस्तरावर पसरलेला, किंवा पोटामागच्या लिम्फ नोडमध्ये पोचलेला. ४ म्हणजे पोटाबाहेर, किंवा लिव्हरसारख्या अवयवाच्या आत. आईचा रोग अस्तरावर कुठेही सापडलेला नाही, फक्त नोडमुळे ती तिसऱ्या रकान्यात गेली आहे.

हा रकाना किती वेगळा आहे ते थोडा इतिहास सांगितला की कळतं. १९८८च्या फिगो पद्धतीत नोड पॉझिटिव्ह म्हटलं की थेट ३सी. ज्या बाईच्या पोटभर गाठी आहेत ती ३सी, आणि जिच्या एका नोडमध्ये दाणा सापडला तीही ३सी. पुढे वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं की फक्त नोडमध्ये रोग असलेल्या बायकांचं पोटभर पसरलेल्या बायकांपेक्षा बरंच चांगलं होतं. एकच लेबल दोघींना लावणं चुकीचं ठरत होतं. म्हणून २०१४च्या सुधारित पद्धतीत त्यांच्यासाठी ३ए१ हा वेगळा गट केला. त्यात गाठ १० मिमीपर्यंत असेल तर पहिला उपगट, त्याहून मोठी असेल तर दुसरा. आईची १२ मिमी, म्हणून दुसरा.

आईला मी असं सांगेन : तिसऱ्या स्टेजच्या आत बराच मोठा पल्ला आहे, तुम्ही त्याच्या सुरुवातीच्या टोकाला आहात, आणि डोळ्यांना दिसणारं सगळं काढून झालं आहे. हे शेवटचं वाक्य सर्जनकडून पक्कं करून घ्या. तुमच्या सगळ्या रिपोर्टमध्ये माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं तेच आहे.

काचपट्टी

निशिगंधताईंनी बहुतेक सांगितलंच आहे. मी पॅथॉलॉजीत आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं लिहितो.

१२ मिमी हा आकडा नोडचा नाही, नोडच्या आत सापडलेल्या कॅन्सरच्या गाठीचा आहे. या दोन्हींची गल्लत फार होते. दोन सेंमीच्या सुजलेल्या नोडमध्ये कॅन्सरचा मागमूस नसू शकतो आणि सात मिमीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या नोडमध्ये दाणा असू शकतो. सीटी स्कॅन फक्त आकार पाहतो, साधारणपणे आखूड बाजूने १ सेंमीच्या वर गेला की "संशयास्पद" लिहितात. म्हणून ऑपरेशनआधी स्कॅन साफ होता आणि नंतर नोड पॉझिटिव्ह आला, यात कुणाचा हलगर्जीपणा शोधू नका. पेट स्कॅनलाही काही मिलिमीटरच्या दाण्यांचा पत्ता लागत नाही.

१४ हा आकडा कमी वाटतोय का, असं पुढे मनात येईल म्हणून आत्ताच सांगतो. मोजणी तीन गोष्टींवर ठरते : सर्जनने किती चरबीचा थर काढला, त्या व्यक्तीच्या शरीरात मुळात किती नोड आहेत, आणि लॅबमध्ये त्या चरबीतून बोटांनी चाचपून किती शोधले गेले. दोन बायकांचं हुबेहूब सारखं ऑपरेशन झालं तरी आकडे वेगळे येतात.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट पाहा : बीजवाहिन्या पूर्ण तपासल्या आहेत का, विशेषतः अंडाशयाकडचं झालरीसारखं टोक. हाय ग्रेड सीरस प्रकार पुष्कळदा तिथूनच सुरू होतो असं आता मानलं जातं. म्हणूनच २०१४पासून अंडाशय, बीजवाहिनी आणि पोटाचं अस्तर या तिन्हींसाठी एकच स्टेजिंग वापरतात. उपचारात फरक पडत नाही, पण रिपोर्ट कसोशीने केला आहे की नाही ते यावरून कळतं.

ओंकार_जे

हा धागा वाचून झोप उडाली आहे, म्हणून विचारतो. माझ्या बायकोचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. स्टेज ३सी, ओमेंटमवर मोठ्या गाठी होत्या. सर्जन म्हणाले, सगळं काढलं, काही शिल्लक नाही. पण एकही नोड काढला नाही. मी तेव्हा विचारलं तर म्हणाले, गरज नाही, सुजलेले नव्हते.

मीनलताईंच्या आईचं पोट स्वच्छ असून दोन नोड पॉझिटिव्ह निघाले. मग माझ्या बायकोचं पोट भरलेलं होतं, तिच्या नोडमध्ये किती असेल? ते तसंच आत ठेवून दिलंय का आम्ही? तेव्हाच सगळे नोड काढायला लावायला हवे होते असं सारखं वाटतंय. दुसऱ्या ऑपरेशनने आता काढता येतील का?

निशिगंध

ओंकार, नेमका हाच प्रश्न एका मोठ्या चाचणीने विचारला आणि त्याचं उत्तर मिळालं आहे. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखे बरेच जण हे मनात बाळगून असतात.

पूर्वी आम्हीही असंच मानायचो. पुढच्या स्टेजमध्ये नोडमध्ये रोग असण्याची शक्यता मोठी, मग सगळे काढले तर रोग कमी राहील, बाई जास्त जगेल. तर्काला काही खोट नव्हती. २००५मध्ये एक इटालियन चाचणी आली, ४२७ बायकांची. एका गटात सगळे नोड पद्धतशीर काढले, दुसऱ्यात फक्त सुजलेले. पहिल्या गटात रोग परतायला थोडा उशीर लागला, पण एकूण आयुष्यात फरक पडला नाही. त्यामुळे वाद मिटला नाही.

मग लायन नावाची चाचणी झाली, मुख्यतः जर्मन गटाने घेतलेली, २०१९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेली. ६४७ बायका, स्टेज २बी ते ४. अट अशी की पोटातला दिसणारा सगळा रोग काढून झालेला असावा आणि नोड ऑपरेशनआधी आणि ऑपरेशनमध्ये हाताला साधे लागावेत. म्हणजे हुबेहूब तुमच्या पत्नीची परिस्थिती. ऑपरेशन टेबलवरच चिठ्ठी पडावी तसं ठरलं : निम्म्या बायकांचे ओटीपोटातले आणि महाधमनीजवळचे नोड पूर्ण काढायचे, निम्म्यांचे अजिबात नाही.

काढलेल्या गटात मधला आयुष्यकाळ (निम्म्या बायका ज्याहून जास्त जगल्या तो) ६५.५ महिने, न काढलेल्या गटात ६९.२ महिने. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला, म्हणजे दोन्ही गट सारखेच. रोग पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा काळ दोन्हीकडे २५.५ महिने. मात्र नोड काढलेल्या गटात पुन्हा पोट उघडावं लागण्याचं प्रमाण १२.४ टक्के, दुसऱ्या गटात ६.५. ऑपरेशननंतर ६० दिवसांत मृत्यू ३.१ टक्के आणि ०.९ टक्के. म्हणजे आयुष्य वाढलं नाही आणि धोका मात्र वाढला.

तुमच्या सर्जनने नोड न काढणं हा टाळाटाळीचा भाग नव्हता. आज असंच करणं योग्य समजलं जातं. आता फक्त नोडसाठी दुसरं ऑपरेशन करायला कुणी तयार झालंच, तर तुम्ही थांबून दुसऱ्या सर्जनचं मत घ्या असं मी सांगेन.

ओंकार_जे

मनापासून आभार. पण एक गोष्ट अजून टोचते. ज्या गटात नोड काढले त्यांच्यात किती जणींच्या नोडमध्ये खरंच कॅन्सर सापडला? सापडलाच नसेल तर फरक दिसणार नाही हे उघड आहे.

निशिगंध

५५.७ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींच्या, साध्या दिसणाऱ्या नोडमध्ये.

आणि या चाचणीचा कळीचा भाग हाच आहे. दुसऱ्या गटातही तेवढ्याच प्रमाणात लपलेला रोग असणार, कारण विभागणी चिठ्ठीने झाली होती. तो रोग आतच राहिला, आणि तरीही त्या बायका तितक्याच जगल्या.

का, याचं माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असं. ऑपरेशननंतर केमो असतेच आणि ती रक्तातून सगळीकडे जाते, नोडमधल्या बारीक दाण्यांपर्यंतही. आणि हा रोग परत येतो तेव्हा तो बहुधा पोटाच्या अस्तरावर येतो. बाईचं पुढचं आयुष्य ठरवणारी लढाई तिथे चालते. नोडमधली लढाई बहुतेक वेळा केमो सांभाळून घेते. म्हणून पुढच्या स्टेजला मी सर्जन म्हणून माझी सगळी ताकद आणि वेळ अस्तरावरचा, डायफ्रॅमखालचा (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा), आतड्यांवरचा रोग पूर्ण काढण्यात घालवते. दिसणारं काहीही मागे राहू नये, हे एकूण निकालावर सर्वांत जास्त परिणाम करतं, हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. काही मिमी जरी राहिलं तरी फरक पडतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. लायनमध्ये सुजलेले, घट्ट लागणारे नोड असलेल्या बायका घेतल्याच नव्हत्या. असे नोड काढायचेच असतात. तो दिसणारा रोग आहे आणि दिसणारा रोग मागे ठेवायचा नाही. त्यामुळे "आता नोड काढतच नाहीत" असं कुणी सरसकट सांगितलं तर ते अर्धवट आहे.

केमो आधी आणि ऑपरेशन नंतर, अशा क्रमाने उपचार झालेल्या बायकांचं काय, हा प्रश्न उरला होता. फ्रान्समधल्या कॅराको चाचणीत बहुतेक बायका तशाच होत्या. तिचे निकाल २०२४मध्ये मांडले गेले. तिथेही साधे दिसणारे नोड काढून आयुष्य वाढलं नाही.

सरिता६२

मी रुग्ण म्हणून लिहिते. माझा प्रकार वेगळा होता, एंडोमेट्रिऑइड, कमी ग्रेडचा, एकाच अंडाशयात. ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंचे ओटीपोटातले आणि वरचे नोड काढले. सगळे निगेटिव्ह आले, स्टेज १ए ठरली आणि केमो लागली नाही. नोड तपासले होते म्हणून डॉक्टर ठामपणे "केमो नको" म्हणू शकले, हे मला मान्य आहे, आणि त्याबद्दल मी ऋणी आहे.

पण नंतर जे आलं त्याबद्दल मला आधी कुणी पुरेसं सांगितलं नव्हतं. आधी ओटीपोटात लसिकेने भरलेली गाठ झाली, लिम्फोसील म्हणतात तिला, ती सुईने रिकामी करावी लागली. मग डावा पाय सुजायला लागला. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, मांडी जड व्हायची. याला लिम्फेडेमा म्हणतात. तो पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतो, हे मी स्वतः अनुभवते आहे.

मीनल, तुझ्या आईचेही नोड काढले आहेत म्हणून सांगते. पायाची कातडी कोरडी पडू देऊ नका, रोज मॉइश्चरायझर. नखं कापताना जखम नको, अनवाणी चालणं नको. सूज दिसायला लागली की लगेच लिम्फेडेमाचं प्रशिक्षण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा, सूज वाढायची वाट पाहू नका. दाबाचे मोजे मापाने घ्यावे लागतात, कुणाचे तरी उसने चालत नाहीत. आणि पाय लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते इन्फेक्शन असतं आणि अँटिबायोटिक लागतं. चालणं बंद करू नका, चालल्याने मला फायदाच झाला.

ओंकार, तुमच्या पत्नीला हे सोसावं लागलं नाही याचा मला खरोखर आनंद आहे.

रानपाखरू

सरिताताई, फार उपयोगी लिहिलंत. मला एक गोंधळ आहे. लायनने सांगितलं की नोड काढून फायदा नाही, मग सरिताताईंचे आणि मीनलच्या आईचे का काढले? पोटात काही दिसत नसताना नोड काढायचे आणि पोट भरलेलं असताना नाही काढायचे, हे उलटं वाटतं.

निशिगंध

वरवर उलटं वाटतं खरं, पण दोन ठिकाणी नोड काढण्याचा हेतू वेगळा आहे.

पोट भरलेलं असतं तेव्हा स्टेज आधीच ३ असते, केमो ठरलेली असते. नोड पॉझिटिव्ह आला किंवा निगेटिव्ह, उपचार तोच. तिथे नोड काढायचे ते केवळ रोग कमी करण्यासाठी, आणि त्याने उपयोग होत नाही हे लायनने दाखवलं.

रोग एकाच अंडाशयात आहे असं दिसतं तेव्हा नोड तपासायचे ते माहितीसाठी. स्टेज १ वाटणाऱ्या बायकांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणींच्या नोडमध्ये लपलेला रोग निघतो. प्रकारानुसार हे फार बदलतं : हाय ग्रेड सीरसमध्ये जास्त, म्युसिनसमध्ये क्वचितच, त्यामुळे म्युसिनसमध्ये नोड दिसायला साधे असतील तर बहुतेक ठिकाणी हात लावत नाहीत. या माहितीने पुढचा रस्ता बदलतो. सरिताताईंची केमो टळली. मीनलच्या आईचं उलट झालं. नोड तपासले नसते तर तिची स्टेज १ए लिहिली गेली असती. हाय ग्रेड सीरस असल्याने केमो तरीही सुचवली असती, पण स्टेज ३ म्हणून मिळणारे पुढचे काही पर्याय समोर आले नसते.

हा माहितीचा फायदा पायाच्या सुजेच्या बदल्यात मिळतो, हे सरिताताईंनी लिहिलंच आहे, आणि माझ्या मते प्रत्येक बाईला ऑपरेशनआधी दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत. म्हणून सेंटिनेल नोडवर काम चालू आहे : अंडाशयाच्या बंधांजवळ हिरवा चमकणारा रंग टोचायचा आणि तो ज्या पहिल्या नोडमध्ये पोचतो तेवढेच काढायचे. मला त्याबद्दल आशा आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये या पद्धतीने लाखो बायकांचे हात वाचवले.

रानपाखरू

कळलं. आणखी एक. मावशीच्या सीटीत "कार्डिओफ्रेनिक नोड वाढलेले" असं लिहून स्टेज ४बी म्हटलंय. पोटात तर मीनलच्या आईपेक्षा फार जास्त नाही. नोड तो नोड, मग एकीला ३ए आणि दुसरीला ४बी?

काचपट्टी

जागा महत्त्वाची. पोटामागचे, म्हणजे ओटीपोटातले आणि महाधमनीजवळचे नोड हे अंडाशयाचे आपले नोड, ते स्टेज ३मध्ये. जांघेतले नोड आणि पोटाच्या बाहेरचे सगळे नोड ४बीमध्ये. कार्डिओफ्रेनिक नोड डायफ्रॅमच्या वर, हृदयाच्या पायथ्याशी असतात, म्हणून पोटाबाहेरचे धरले जातात.

पण मावशींच्या बाबतीत त्या नोडमधून तुकडा घेतला होता का, हे विचारा. पोटात पाणी असेल तर डायफ्रॅममधून निचरा होऊन हे नोड नुसतेही वाढू शकतात. फक्त स्कॅनवर लिहिलेली ४बी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सिद्ध झालेली ४बी यांत फरक आहे, आणि उपचाराचा बेत आखताना टीम तो विचारात घेते. स्टेज ४ लिहिली म्हणून ऑपरेशन बाद, असंही नाही.

मीनल_र

केमोच्या डॉक्टरांना भेटून आलो. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं छापून नेलं होतं, त्यामुळे विचारता आलं. सर्जनच्या नोंदीत "दिसणारा रोग शिल्लक नाही" असं स्पष्ट लिहिलेलं आहे, ते मी स्वतः वाचलं. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. सीए-१२५ (या रोगावर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) दर वेळी पाहतील. आईला माझ्या समोर डॉक्टरांनी सांगितलं की नोडमुळे आकडा ३ आहे. ती परत येताना बरीच मोकळी बोलत होती.

त्यांनी बीआरसीएची (आनुवंशिक दोष पाहणारी जनुकाची) तपासणी सांगितली आहे आणि त्यावर पुढच्या गोळ्या ठरतील म्हणाले. निशिगंधताई, तुम्ही "पुढचे पर्याय" म्हणालात ते हेच का? आणि ही तपासणी आईची की आम्हा मुलांचीसुद्धा?

निशिगंध

हो, हेच. केमोला रोगाने चांगली दाद दिली की काही बायकांना पार्प इनहिबिटर वर्गातल्या गोळ्या देतात, रोग परत येऊ नये म्हणून. बीआरसीए जनुकात दोष असेल तर त्यांचा परिणाम सर्वांत ठळक. २०१८च्या सोलो-१ चाचणीत असा दोष असलेल्या, नव्याने निदान झालेल्या बायकांना ओलापॅरिब दिल्यावर रोग वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत ७० टक्क्यांनी कमी झाला. त्या चाचणीत स्टेज ३ आणि ४च्याच बायका होत्या. ज्या दोन नोडमुळे तुमची झोप उडाली, त्यांच्यामुळेच आई या उपचाराच्या कक्षेत येते. बीआरसीए साफ असेल तर एचआरडी नावाची, गाठीच्या पेशींची डीएनए दुरुस्त करायची क्षमता बिघडली आहे का ते पाहणारी तपासणी करतात, तिच्यावरूनही या गोळ्यांचा उपयोग किती होईल याचा अंदाज येतो.

आधी तपासणी आईची. तिच्या रक्तात दोष सापडला तर तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. भावालाही सांगा, हे फक्त मुलींचं प्रकरण नाही. मुलांच्या तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलून घ्या.

स्टेजबद्दल एक राहिलं होतं. निदानाच्या वेळी ठरलेली स्टेज पुढे बदलत नाही. उद्या रोग परतला, न परतला, केमोने सगळं नाहीसं झालं, कागदावर ३ए१च राहील. पुढच्या प्रत्येक भेटीत ती पुन्हा मोजली जात नाही, त्यामुळे "आता स्टेज किती झाली?" हा प्रश्न मनातून काढून टाका. त्या वेळी विचारायचं ते असं : सीए-१२५ कुठे आहे, स्कॅनमध्ये काय आहे, आई कशी आहे.

ओंकार_जे

मीनलताई, तुमच्या आईंना मनापासून शुभेच्छा. बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, मी सर्जनला तेव्हाच विश्वासाने हो म्हटलं होतं, तूच घाबरत होतास. तिची बीआरसीए तपासणी झालेली नाही. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं, आता करता येते का? की ऑपरेशनच्या वेळीच करावी लागते?

काचपट्टी

आताही येते. जन्मतः आलेला दोष रक्तातून कधीही तपासता येतो. गाठीतला दोष आणि एचआरडी तपासायला गाठीचा ऊतक लागतो, आणि तो लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. वर्षाने तो खराब होत नाही. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे बायोप्सी नंबर घेऊन जा, ब्लॉक आणि स्लाइड मागा, तो रुग्णाचा हक्क आहे. कोणता ब्लॉक द्यायचा हे तिथल्या पॅथॉलॉजिस्टला ठरवू द्या. ज्यात जिवंत गाठ जास्त आणि मृत भाग कमी, तो ते निवडतील. केमो आधी झाली असेल तर केमोपूर्वीच्या बायोप्सीचा ब्लॉकही शोधायला सांगा, बरेचदा तोच जास्त कामाचा ठरतो. घेताना पावती ठेवा आणि तपासणी झाल्यावर ब्लॉक परत मागून त्याच लॅबमध्ये जमा करा.